व्हॉल्व्ह सीट बसवण्याआधी गाइड बघ

इंजिनच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) नवीन सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी, बसवायची असेल तर ती हातात घेण्याआधी गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी, तपास. सीटची खाच गाइडच्या केंद्रावरूनच कापली जाते. गाइड ढिलं असेल तर ते आधी बदल, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया.

खरा खेळ मापाचा आहे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण 35-40 मिमीची सीट खाचेपेक्षा सुमारे 0.1 मिमी मोठी लागते. नेमका आकडा सीट बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घे. खाच दोन-तीन दिशांनी मोज, कारण जुनी सीट निघताना खाच अंडाकृती होऊ शकते. तळ सपाट आणि स्वच्छ हवा. एक बारीक कीसही खाली राहिला तर सीट टेकत नाही, तिची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. मी एकदा असं हेड परत उघडलंय, म्हणून इतकं बजावतोय.

हेड भट्टीत 150 अंशांपर्यंत सगळीकडून सारखं तापव, गॅसच्या ज्योतीने एका जागी नको. सीट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. मग मात्र रेंगाळू नकोस. सीटची चॅम्फरची (तिरकस कड घासलेली) बाजू खाली, गाइडमध्ये पायलट (सरळ धरणारी दांडी) असलेला ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा), आणि सरळ ठोका. तळाला टेकली की आवाज बदलतो, ठणठणीत येतो. तो कानात बसव. हेड गार होईपर्यंत सीट दाबून धर, मगच सीटवर व्हॉल्व्ह टेकण्यासाठी 45 अंशांचा काप घे.