वजन वाढायची वाट किती पाहायची?

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. दूध पिताना घाम येतो, धाप लागते. 'दहा किलो वजन झालं की ऑपरेशन करू,' असं सांगितलंय. थांबावं का?

अशी लक्षणं असताना थांबू नये. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्या छिद्रातून मात्र जादा रक्त फुप्फुसांत जातं, श्वास घेण्यातच बाळाची ताकद संपते आणि प्यायलेलं दूध अंगी लागत नाही. वजन अडलंय तेच छिद्रापायी, मग वजनाची वाट पाहून काय साधणार? तान्ह्या बाळांना भूल देणारे आणि नंतर अतिदक्षता विभागात सांभाळणारे लोक जिथे तयार आहेत, तिथे तीन ते सहा महिन्यांच्या बाळांवर ही ऑपरेशनं होतात. 'दहा किलो' हा आकडा अनेकदा बाळाच्या गरजेतून नव्हे, रुग्णालयाच्या सोयीतून येतो, स्पष्टच सांगतो.

विकसनशील देशांत अशी केंद्रं थोडी, लांबलांब आणि यादी मोठी. म्हणून बाळांच्या हृदयाचं काम करणाऱ्या केंद्रात आत्ताच दाखवा. तोवर औषधं आणि लसी चुकवू नका. एक-दोन वर्षं गेली तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होऊन तिथला दाब कायमचा वाढू शकतो. मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं.

प्रश्न : मी प्रसूतिगृहात परिचारिका आहे. आमच्याकडे इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही. हृदयाचा जन्मजात दोष ओळखायचा कसा?

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर आहे ना? जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लावा. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. कुठेही ९० च्या खाली गेलं तर लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा. अधलंमधलं आलं तर तासाभराने पुन्हा मोजा. यात अतिगंभीर दोष बरेचसे सापडतात, पण वरच्यासारखं छिद्र निसटतं. त्यामुळे लसीला येणाऱ्या बाळाचं वजन आणि श्वासही बघत जा.

प्रश्न : बाळाच्या हृदयात जन्मजात दोष आहे. गरोदरपणात माझं काही चुकलं का?

नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. साधारण शंभरात एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. सांधेतापानंतर हृदयाची झडप बिघडली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. आता ती खेळते-पळते. बंद करू?

अजिबात नको. हे इंजेक्शन झडप दुरुस्त करत नाही. घशातल्या जंतूमुळे सांधेताप उलटून झडप आणखी बिघडू नये, यासाठी ते असतं. त्यामुळे तब्येत छान असतानाच ते चुकतं! किमान दहा वर्षं, आणि झडपेतला दोष राहिला तर पुष्कळदा वयाच्या चाळिशीपर्यंत ते चालतं. तारीख शाळेच्या वेळापत्रकातच लिहून ठेवा. पुढे ती मूल होऊ द्यायचं ठरवेल, तेव्हा आधी हृदयतज्ज्ञांना दाखवावं लागेल. आकसलेल्या झडपेवर गरोदरपणात फार ताण येतो.