इन्स्पायरॉन १५४५ चं वायफाय: दुकानदाराला नंतर विचारा, आधी लॅपटॉपला विचारा

ताई, तुमचा प्रश्न आधी चार ओळींत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही लागेल. जांबोटीकडचं गाव, २००९ सालचा डेल इन्स्पायरॉन १५४५, त्यावर बचत गटाचे हिशेब. विंडोज ७ फार रखडायला लागलं म्हणून बेळगावात शिकणाऱ्या भाच्यानं लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घालून दिलं आणि त्या दिवसापासून वायफायची खूणच गायब. भाच्यानं व्हिडिओ बघून पाच-सहा आज्ञा मारून पाहिल्या. मग तुम्ही वायफायचा छोटा यूएसबी डोंगल आणला, त्याचा दिवा लुकलुकतो पण नेट नाही. शेवटी दुकानदार म्हणाला, आतलं वायफायचं कार्ड गेलं, आता लॅपटॉपच बदला.

"हळेद आगेत्री, होसाद तगोरी." म्हणजे कानडीत, जुनं झालंय, नवं घ्या. हा निकाल मी आपल्याकडं इतक्या वेळा ऐकलाय की आता हसू येतं. मराठी दुकानात गेलात तर तोच निकाल मराठीत मिळतो, एवढाच फरक. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेचे जुने लॅपटॉप मी बरीच वर्षं सांभाळले. 'कार्ड मेलं' म्हणून माझ्याकडं आलेल्यांत खरोखर मेलेलं कार्ड एकच निघालं. दुसऱ्या एकाचं मेल्यासारखं वाटत होतं, पण कार्ड धडधाकट होतं. उंदरानं अँटेनाची वायर कुरतडली होती.

तुमच्या बाबतीत तर साधा हिशेब आहे. आदल्या दिवशी विंडोजवर चालणारं कार्ड दुसऱ्या दिवशी मिंट घातल्याबरोबर मरत नाही. ते जागेवरच आहे, त्याच्याशी बोलणारं कुणी नाही.

पहिलं काम, नेट आणा. वायफाय नसताना वायफायसाठी लागणाऱ्या गोष्टी कशा उतरवायच्या, इथंच बहुतेक जण अडकतात आणि पेनड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेच्या फेऱ्या मारतात. गरज नाही. मोबाइल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा (वायर डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची नको), मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर (यंत्राच्या भागाशी बोलणारा छोटा प्रोग्राम) लागत नाही. अर्ध्या मिनिटात तारेच्या नेटवर्कची खूण येते. बचत गटाचे महिनाअखेरचे हिशेब अडले असतील तर आजच्या आज एवढ्यावर भागेल.

आता लॅपटॉपलाच विचारू. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. आज्ञा मी इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी बारीक अक्षरांत टाइप करा: 'एलएसपीसीआय', मग एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून 'एनएनके'. लांबलचक यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. इन्स्पायरॉन १५४५ मध्ये बऱ्याचदा ब्रॉडकॉम कंपनीचं बीसीएम४३१२ असतं आणि ओळीच्या शेवटी चौकटी कंसात १४ई४:४३१५ असा क्रमांक दिसतो. हा क्रमांक म्हणजे कार्डाचं आधार कार्ड समजा. डब्यावर, स्टिकरवर काहीही छापलेलं असू दे, खरं नाव हेच. तो दिसला तर दुकानदाराचा निकाल तिथंच फेटाळला गेला, कारण पूर्ण मेलेलं कार्ड सहसा आपला क्रमांक सांगत नाही.

त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल किंवा नसेल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). सगळी गोम या एका ओळीत आहे.

थोडं मागं जाऊन सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ब्रॉडकॉमनं त्या काळी लिनक्ससाठी माहितीच दिली नव्हती. स्वयंसेवकांनी कार्ड कसं वागतं ते बाहेरून तपासून बी४३ नावाचा ड्रायव्हर लिहिला. एका गटानं कार्डाचं वागणं कागदावर उतरवायचं आणि दुसऱ्यानं त्या कागदावरून ड्रायव्हर लिहायचा, अशी वाटणी. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ कर्नलमध्ये तो दाखल झाला. पण कार्डाच्या आत चालणारी छोटी फाइल, जिला फर्मवेअर म्हणतात, ती कंपनीच्या मालकीची. वाटायला परवानगी नाही. म्हणून मिंटमध्ये ड्रायव्हर असतो पण फर्मवेअर नसतं. बैल आहे, गाडी आहे, जूच नाही. दुसरीकडं कंपनीचा स्वतःचा बंद ड्रायव्हर आहे, त्याचं नाव नुसतं 'डब्ल्यूएल'. २०१० च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं काही कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला खरा, पण त्यात तुमचं ४३१२ नव्हतं.

म्हणजे तुमच्या कार्डाला दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. डब्ल्यूएल बसवला की तो बी४३ ला बंदी घालणारी फाइल लिहून ठेवतो. मला वाटतं भाच्याचं इथंच चुकलं असणार: एका व्हिडिओतून एक, दुसऱ्यातून दुसरा, आणि शेवटी दोघांच्या भांडणात कार्ड उपाशी. त्याला रागावू नका, मीही पहिल्यांदा हेच केलं होतं.

माझं मत विचाराल तर ४३१५ क्रमांकासाठी बी४३ ची वाट धरा. डब्ल्यूएल नव्या कर्नलबरोबर अधूनमधून रुसतो. अपडेट झालं की वायफाय गेलं, ही तक्रार त्याच्याच घरची. आधी जुना पसारा काढा: 'सुडो एपीटी पर्ज बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स'. मग मोबाइलची वायर लावलेली असतानाच 'सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर'. हे पॅकेज दिसायला एवढंसं असतं, पण फर्मवेअर त्याच्या पोटात नसतं. बसवताना ते नेटवरून कंपनीचा जुना ड्रायव्हर उतरवून त्यातून फर्मवेअर कापून काढतं. म्हणूनच ज्यांनी हे पॅकेज पेनड्राइव्हवरून आणून बसवलं त्यांचं 'इन्स्टॉल झालं पण चालत नाही' असं होतं. झालं की लॅपटॉप बंद करून चालू करा. एवढ्यानं दहापैकी आठ जणांचं काम होतं, असा माझा अंदाज.

भाच्याच्या लॅपटॉपवर वेगळं कार्ड असेल तर हे जसंच्या तसं मारू नका. बीसीएम४३१४२, क्रमांक १४ई४:४३६५, असेल तर बी४३ चालणार नाही, तिथं डब्ल्यूएलच हवा आणि तो मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून बसवता येतो. इंटेल असेल तर फर्मवेअर मिंटमध्ये आधीच असतं. अथेरॉसचं एआर९२८५ असेल तर नशीबवान. त्याला फर्मवेअरची फाइलच लागत नाही.

क्रमांक दिसतोय, ड्रायव्हरही लागलाय, तरी नेटवर्क नाही? मग 'आरएफकिल लिस्ट' मारा. सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड अशा दोन ओळी येतील. सॉफ्टला 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल'. हार्डला 'येस' असेल तर कुठलीही आज्ञा उपयोगाची नाही, बोटच लागतं. तुमच्या डेलवर एफएन धरून एफ२ दाबा. काही जुन्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला सरकणारं बटण असतं, इतकं बारीक की वर्षभर वापरूनही कळत नाही. मी एका थिंकपॅडवर दोन संध्याकाळी घालवल्या, मिंट तीनदा घातलं, तिसऱ्या वेळी करंट गेला म्हणून लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला तर ते बटण दिसलं. पिशवीत घालताना सरकलं होतं.

आता ज्या गोष्टीत मी लोकांचे सगळ्यात जास्त दिवस वाया गेलेले पाहिलेत ती. वायफाय चालू झालं, शेजारच्या घराचं नेटवर्क दिसतं, पण स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिसत नाही. आमच्या शाळेतल्या मॅडमनी नवा फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या तिन्ही जुन्या लॅपटॉपांचं 'वायफाय बिघडलं'. बिघडलं काहीच नव्हतं. बरेच नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सोडतात, आणि बीसीएम४३१२ सारख्या कार्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झच ऐकू येतं. त्याच्या लेखी तुमचा हॉटस्पॉट अस्तित्वातच नाही. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' शोधा आणि २.४ करा. आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. घरी राउटर असेल तर दोन गोष्टी पाहा. सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ वर नको. ती २०१८ मधली, तुमचं कार्ड त्याआधीचं. डब्ल्यूपीए२, एईएस निवडा. आणि चॅनेल 'ऑटो' वर न ठेवता १, ६ किंवा ११ करा. भारतात १२ आणि १३ चालतात, पण काही कार्डं अमेरिकेच्या नियमांवर घडवलेली असतात आणि ११ च्या पुढं पाहतच नाहीत. राउटर रात्रीत १३ वर गेला की सकाळी 'वायफाय गेलं'. तसा २.४ चा एक फायदाही आहे: आपल्याकडच्या जुन्या घरांच्या हातभर जाड भिंतींतून ५ पेक्षा तोच बरा पोचतो.

जोडलं गेलं, चिन्ह पूर्ण भरलं, तरी एकही पान उघडत नाही, असं झालं तर घड्याळ बघा. थट्टा नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुतेक सीआर२०३२, पंधरा वर्षांत संपतो. मग करंट गेला आणि बॅटरीही मेलेली असली की तारीख मागच्या कुठल्यातरी सालात जाते. त्या तारखेला आजच्या वेबसाइटांची प्रमाणपत्रं 'अजून लागूच झालेली नाहीत' असं ठरतं आणि ब्राउझर दार बंद करतो. तारीख हातानं बरोबर करा, सेल बदला.

डोंगलबद्दल. 'एलएसयूएसबी' मारा, क्रमांक बघा. ०बीडीए:८१७९ म्हणजे रिअलटेकचा आठ-एक-आठ-आठ, नव्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर असतो. १४८एफ:७६०१ म्हणजे मीडियाटेक, तोही चालतो. पण ०बीडीए:१ए२बी दिसला तर डोंगल स्वतःला सीडी समजून बसलाय: विंडोजवाल्यांना ड्रायव्हर देण्यासाठी तो आधी सीडीचं सोंग घेतो. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी दिसेल, 'इजेक्ट' करा, सोंग उतरतं आणि क्रमांक बदलतो. नवा डोंगल घेताना नुसतं मॉडेल पाहून घेऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे आणि दुसरीत रिअलटेकची. डब्यावर नाव तेच.

एवढं सगळं करून क्रमांकच यादीत आला नाही, तरच स्क्रू ड्रायव्हर. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चार महिने कपाटात पडलेल्या यंत्रातल्या वायफाय कार्डाच्या सोनेरी दातांवर, म्हणजे कडेच्या पट्ट्यांवर, थर बसतो. बॅटरी काढा, चार्जर काढा, कार्डाचा स्क्रू सोडला की ते आपोआप तिरकं वर येतं. शाळकरी पांढऱ्या खोडरबरानं दात हलक्या हातानं पुसा, परत बसवा. अँटेनाच्या दोन बारीक वायरी काढताना वायर ओढायची नाही. टोपण नखानं सरळ वर उचलायचं. बसवताना 'टक्' असं जाणवलं पाहिजे.

बदलायचंच ठरलं तर हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस आकाराचं कार्ड लागेल. इंटेल ७२६० त्या आकारात मिळतं, त्याला ५ गिगाहर्ट्झही ऐकू येतं. जुनी वापरलेली कार्डं स्वस्तात सुटतात. डेलला सहसा कुठलंही चालतं. एचपी आणि थिंकपॅडवाल्यांनी मात्र थांबा: त्या काळच्या अनेक मॉडेलांच्या बायोसमध्ये (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) मान्य कार्डांची यादी असते, बाहेरचं घातलं तर चालू होतानाच १८०२ किंवा १०४ असा आकडा दाखवून यंत्र अडून बसतं.

ताई, तुम्ही एवढंच करा. मोबाइलची वायर लावा, ती पहिली आज्ञा मारा आणि 'नेटवर्क कंट्रोलर'पासून खालच्या चार ओळी इथं टाका. टाइप करायचा कंटाळा आला तर पडद्याचा फोटो चालेल, फक्त चौकटी कंसातले आकडे वाचता येऊ देत. भाच्यानं कुठल्या आज्ञा मारल्या तेही विचारून ठेवा. टर्मिनलमध्ये 'हिस्टरी' लिहिलं की त्या सगळ्या अजून तिथंच सापडतील.