मुलीने सहल लपवली, नवऱ्याने बुटांचं बिल

प्रिय ताई,

माझं वय ३९, नवऱ्याचं ४३. मुलगी १५ वर्षांची, मुलगा १०. आम्ही दोघंही नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, की मी ५५ ची होईन तेव्हा आम्हाला नोकरीची गरजच उरू नये. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की तिच्यावर घर चालतं, असं वाचलं आणि झपाटल्यासारखी कामाला लागले. रोजचा खर्च वहीत लिहिते. सगळ्यांच्या मागे फिरून दिवे बंद करते. बाहेरचं खाणं बंद केलंय, केस घरीच कापतो. टिकणाऱ्या वस्तू सवलतीत एकदम घेऊन रिकाम्या तिसऱ्या खोलीत रचून ठेवते. आरोग्य विम्याचं संरक्षण कमी करून हप्ताही उतरवला. पूर्वी उत्पन्नाच्या १५ टक्के उरायचे, आता २० टक्के उरतात. आजवरची शिल्लक साधारण ३ वर्षांच्या खर्चाएवढी आहे.

पण गेल्या महिन्यात कळलं, की मुलीने शाळेच्या सहलीचं पत्रक आम्हाला दाखवलंच नाही. मैत्रिणींना म्हणाली, मला असल्या सहली आवडत नाहीत. आणि परवा आमच्या दुसऱ्या गाडीत, जी क्वचितच बाहेर निघते, समोरच्या कप्प्यात नवऱ्याच्या बुटांचं बिल सापडलं. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या वहीत जायला नको म्हणून ठेवलं." मी हे सगळं घरासाठीच करतेय ना? यांना कसं समजावू?

— एकटी पडलेली

*

प्रिय एकटी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सहल आणि बूट लक्षात राहिले, दुसऱ्या वाचनात दुसरी गाडी. 'जी क्वचितच बाहेर निघते' हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दोन वर्षं घरातला एकेक दिवा मोजणाऱ्या बाईच्या वहीत ती गाडी कुठे आहे?

गाडी उभी असली तरी खात असते. विमा, देखभाल, ती ठेवायची जागा, आणि वर्षागणिक उतरणारी तिची किंमत. ही शेवटची रक्कम कोणत्याच बिलावर येत नाही, त्यामुळे वहीतही येत नाही. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, दुसरं काय! आणि त्या गाडीत बसून तुम्हाला बुटांचं बिल सापडलं.

ती २५ पट कुठून आली, ते आधी सांगते, कारण तुमचा सगळा गुंता तिथेच सुटतो. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करत गेलं, तर पैसे निदान ३० वर्षं पुरतात, असं त्याला दिसलं. ४ टक्के म्हणजे पंचविसावा भाग, म्हणून २५ पट. हा आकडा एका देशाच्या बाजाराचा आहे आणि ३० वर्षांचा आहे. तुम्ही ५५ ला थांबलात तर ३० वर्षांनी ८५ च्या व्हाल, त्यापुढेही आयुष्य असू शकतं. मी तुमच्या जागी असते तर ३० पट धरून चालले असते. पण आत्ता तुमचाच २५ चा हिशेब घेऊ.

या गुणाकाराची खोच अशी, की तो फक्त पुन्हापुन्हा येणाऱ्या खर्चाला लागतो. दरमहा १०० चा खर्च कायमचा गेला, तर वर्षाचे १,२०० वाचतात आणि गाठायची रक्कम ३०,००० ने कमी होते. शिवाय ते १०० दर महिन्याला गुंतवायला मिळतात ते वेगळेच. सहल मात्र एकदाच होते. तिला २५ ने गुणायचं कारण नाही, तिची किंमत तिच्याएवढीच. बूटही दोनेक वर्षं चालत असतील. म्हणजे ज्या खर्चांवरून घरात लपवाछपवी झाली, ते तुमच्या ध्येयाच्या वाटेतले सगळ्यात हलके खर्च होते. उभी गाडी मात्र दरवर्षी २५ पटीने तुमच्यापुढे उभी राहते.

दिव्यांचंही तसंच. ९ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट वीज जाळायला १११ तास घेतो. पाणी तापवणारा २,००० वॉटचा गीझर तेवढीच वीज अर्ध्या तासात खातो. मुलाने खोलीतला दिवा तासभर चालू ठेवला म्हणून त्याच्यावर ओरडणं आणि गीझरच्या तापमानाकडे कधी न बघणं, यातून बिल फारसं हलत नाही, मुलगा मात्र हलतो. घर गार किंवा गरम ठेवणारी यंत्रं आणि गीझर, एवढ्यांकडे एकदा नीट बघा, वेळा आणि तापमान ठरवून टाका. मग दिव्यांच्या मागे फिरणं बंद केलंत तरी चालेल. खरं तर बंदच करा.

आता तिसरी खोली. सवलतीत घेतलेल्या साबणांना राहायला तुम्ही एक आख्खी खोली दिली आहे. त्या खोलीसाठी भाडं जात असेल किंवा कर्जाचा हप्ता, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण काहीतरी नक्कीच जातंय. खोली भाड्याने देता येईल, लहान घरात जाता येईल, किंवा काहीच न करता ती ठेवायचीच असंही ठरवता येईल. घर बदलणं हा मोठा निर्णय आहे आणि तो घ्याच असं मी म्हणणार नाही. फक्त तो घ्यायचा नाही हेही चौघांनी बसून ठरवावं. साठ्यातल्या खाण्याच्या वस्तू मात्र तारखा बघून आधी संपवा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली दुकानं, खानावळी आणि घरं मिळून जगात जेवढं अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून गेलं. सवलतीत घेऊन फेकलेली वस्तू पूर्ण किमतीतच पडते.

तुमचे आकडे मी मांडून पाहिले. महागाई वजा जाता गुंतवणूक वर्षाला ५ टक्के वाढेल असं धरलं (हे गृहीतक आहे, कोणी हमी देत नाही), तर आजच्या शिल्लकीवर १५ टक्के बचतीने तुम्हाला अजून सुमारे ३१ वर्षं लागली असती. २० टक्क्यांनी २७ लागतील. चार वर्षं कमावलीत, हे थोडं नाही, आणि त्याबद्दल घरात तुम्हाला कोणी शाबासकी दिली नसेल तर माझ्याकडून घ्या. पण ३९ अधिक २७ म्हणजे ६६. ५५ नाही. ५५ ला थांबायचं तर बचत ४० टक्क्यांवर न्यावी लागेल. ते दिव्यांनी होणार नाही, केस घरी कापूनही होणार नाही. ३५ टक्क्यांवर पोचलात तर साधारण साडेअठरा वर्षं लागतील, म्हणजे तुम्ही ५८ च्या आसपास असाल. हे गाडी, घर, कर्जाचं व्याज असल्या मोठ्या गोष्टींतूनच शक्य आहे, नाहीतर उत्पन्न वाढवून. आणि या प्रत्येक गोष्टीला नवऱ्याची संमती लागते. मला शंका अशी आहे, की तुमची कात्री लहान खर्चांवर चालली, कारण त्यांना कोणाला विचारावं लागत नव्हतं.

पत्रात 'मी ठरवलं' आहे. नवऱ्याला ५५ नंतर काय करायचंय, याबद्दल एक ओळही नाही. त्यांना नोकरी आवडत असेल. कदाचित त्यांना पंचावन्नाव्या वर्षी थांबायचंच नसेल, चाळिशीतच आठवड्याला चार दिवस काम करायचं असेल. तुम्हाला तरी माहीत आहे का? 'यांना कसं समजावू' असं तुम्ही विचारता. समजावू नका, विचारा. वही न घेता बसा. पैशाची चिंता नसती तर आपला आठवडा कसा असता, एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आकडा त्यानंतर काढा, दोघांनी मिळून. तो तुमच्या आत्ताच्या आकड्यापेक्षा वेगळा निघाला तर तुमची थोडी निराशा होईल, ती होऊ द्या.

आणि दरमहा प्रत्येकाच्या हातात अशी रक्कम द्या, जिचा हिशेब कोणी विचारणार नाही. नवऱ्याला, तुम्हाला स्वतःला, मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे. रक्कम किती ते चौघांत ठरवा. त्यातून कोणी बूट घेतले, कोणी काही घेतलंच नाही, वहीला त्याच्याशी घेणंदेणं नाही. मोठ्या माणसाला बुटांचं बिल गाडीत लपवावंसं वाटणं मला त्या बुटांपेक्षा फार महाग वाटतं. तुम्ही विचारल्यावर त्यांनी खोटं सांगितलं नाही, सरळ उत्तर दिलं. अजून बोलण्याजोगं बरंच शिल्लक आहे.

मुलीचं वेगळं आहे. १५ वर्षांची मुलगी सहलीचं पत्रक दप्तरात ठेवून देते, तेव्हा तिने आईला नकार देण्याच्या त्रासातून वाचवलेलं असतं. ते तिचं काम नव्हतं. तिला हे सांगा, थोडक्यात सांगा, आणि बदल्यात काही विकत घेऊन देऊ नका. ती हुशार आहे, भेटवस्तूचा अर्थ लगेच ओळखेल. घरात पैसे आहेत, अडचण नाही, आपण साठवतोय ते कशासाठी, हे तिला स्पष्ट कळू दे. तुमच्या वहीतून तिने असा अर्थ काढला असण्याची दाट शक्यता आहे, की घरावर काहीतरी संकट आहे. पुढची सहल कधी आहे ते तिला विचारून ठेवा.

वही फेकू नका. ती तुम्हाला आवडते असं पत्रातून दिसतं, आणि दोन वर्षांच्या नोंदी म्हणजे मोठी मदत आहे. फक्त आता रोज लिहिणं थांबवून महिन्यातून एकदा बसा आणि तिचे दोन भाग करा, फिरून येणारे खर्च आणि एकदाचे. फिरून येणाऱ्यांत जे वर्षातून एकदा आपोआप खात्यातून कापले जातात ते शोधा. वापरात नसलेली सदस्यत्वं आणि जुने प्लॅन तिथेच दडलेले असतात. त्यातून किती निघेल ते तुम्हालाच दिसेल, मी त्यावर जास्त बोलत नाही. क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल तर मात्र आधी ती फेडा. २४ टक्के व्याजाने कर्ज तीन-सव्वातीन वर्षांत दुप्पट होतं, आणि तेवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक तुम्हाला कुठेच मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या चर्चेची वाट न पाहता याच आठवड्यात सुरू करा. आरोग्य विम्याचं संरक्षण कमी केलंत ते पूर्ववत करा. एक मोठं आजारपण तुमची तीन वर्षांची शिल्लक खाऊन टाकू शकतं. कमी करणं सोपं असतं, वाढवायला गेल्यावर कंपनी पुन्हा तब्येतीची चौकशी करू शकते, आणि मधल्या काळात एखादा आजार निघाला असेल तर वाढीव संरक्षण नाकारलंही जातं किंवा त्या आजारासाठी थांबावं लागतं. कागद काढा, कमी केल्याची तारीख बघा आणि उद्या सकाळी फोन करा.

— ताई