सूड आणि युद्धावरची दणदणीत फँटसी कादंबरी सुचवाल का?

जो अ‍ॅबरक्रॉम्बीची 'बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड' (२००९) घ्या. त्याच्याच 'फर्स्ट लॉ' या फँटसी मालिकेच्या जगात घडते, पण स्वतंत्र आहे, आधीची पुस्तकं वाचलेली नसली तरी चालतं.

मोंझा मर्काटो ही भाडोत्री सैन्याची सेनापती. ती डोईजड होईल या भीतीने ज्याच्यासाठी ती लढते तो ड्यूक ऑर्सोच तिच्या भावाला मारवतो आणि तिला कड्यावरून फेकून देतो. ती वाचते आणि त्या वेळी तिथे असलेल्या सातही जणांच्या मागे लागते. एकेक बळी घेताना शहर बदलतं, आणि त्या शहरांतलं युद्धही तिच्या सुडामुळे चिघळत जातं. मला सगळ्यात लागला तो शिव्हर्स. चांगला माणूस व्हायचं म्हणून उत्तरेतून आलेला हा गडी या प्रवासात कसा करपत जातो, ते वाचवत नाही. महाभारतातलं सौप्तिकपर्व, म्हणजे अश्वत्थाम्याने सुडापोटी रात्री झोपलेल्यांची केलेली कत्तल, वाचून ज्यांना अस्वस्थ वाटलं, त्यांना हे नक्की भिडेल.

जादू मात्र अगदी कमी आणि हिंसा भरपूर, त्यामुळे लहान मुलांच्या हाती देऊ नका. मुंबईत असाल तर विकत घेण्याआधी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या प्रतीसाठी जरूर विचारा.