लेखनशंका : रोजच्या साध्या गोष्टींतून कथा कशी सुचते?

कथालेखनाविषयी या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. रोजच्या जगण्यातली एखादी वस्तू, कानावर पडलेले वाक्य किंवा कुणी दिलेला 'प्रॉम्प्ट' (लिहायला सुरुवात करून देणारा विषय) हाताशी घेऊन कथेपर्यंत कसे पोहोचावे, असे अनेकांनी विचारले आहे. त्यांतले काही प्रश्न थोडक्यात मांडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : मी रोज एक प्रॉम्प्ट घेऊन अर्धा तास लिहितो. 'जुनी किल्ली', 'चुकून आलेला फोन', 'बंद खिडकी' असे विषय असतात. सुरुवात चांगली होते, पण पानभर लिहिल्यावर पुढे काही सुचत नाही आणि दुसऱ्या दिवशी मी नवा प्रॉम्प्ट घेतो. वही सुरुवातींनी भरली आहे, पूर्ण कथा मात्र एकही नाही. काय चुकत असावे?

उत्तर : रोज लिहिण्याची तुमची शिस्त मोलाची आहे, ती सोडू नका. अडचण आहे ती दुसऱ्या दिवशी नवा प्रॉम्प्ट घेण्यात. ही सवय अंगवळणी पडली की पुढे काय लिहावे हे कळेनासे होताच लेखक तिथून उठतो, आणि कथा तर बहुतेक वेळा त्या अडचणीच्या पलीकडेच सुरू होणार असते. पहिले पान वस्तूच्या वर्णनावर निभावून जाते. किल्ली गंजलेली आहे, जड आहे, कुणाची तरी आठवण करून देते, इतके लिहून झाले की वस्तूपाशी देण्यासारखे फारसे उरत नाही. पुढे जायचे तर माणूस लागतो, त्या माणसाला काहीतरी मनापासून हवे असावे लागते आणि ते त्याला सहजासहजी मिळू नये अशी परिस्थितीही लागते.

एक उदाहरण जरा तपशिलाने पाहू. एका घराच्या दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला आहे : 'कृपया बेल वाजवू नये.' असा कागद आपण कधी ना कधी पाहिलेला असतो आणि विसरूनही गेलेलो असतो. आता 'का वाजवू नये?' असे स्वतःला विचारा आणि सुचतील ती उत्तरे लिहीत चला. तान्हे बाळ नुकतेच झोपले असेल. घरात कुणी आजारी असेल. बेलच बिघडली असेल. ही उत्तरे कुणालाही सुचतील, म्हणून ती कागदावर उतरवून बाजूला सारावीत. डोक्यात तशीच राहिली तर ती मागच्यांना पुढे येऊ देत नाहीत. चौथ्या-पाचव्या उत्तरापाशी आपण अडखळतो, बराच वेळ काही सुचत नाही, आणि मग काही वेगळे हाती लागते : बेल वाजली की घरातली म्हातारी आई दर वेळी 'आला वाटतं' म्हणत धडपडत उठते आणि दारात भलत्याच कुणाला पाहून परत जागेवर येऊन बसते. मुलीला ते पाहवत नाही, म्हणून तिने हा कागद लावला आहे.

इथेच थांबलात तर एक हृद्य चित्र तयार होईल, पण कथा होणार नाही. त्यासाठी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हा कागद कुणाला नको आहे? अर्थातच आईला. मुलगी कामावर गेली की आई तो कागद हलकेच काढून ठेवते आणि ती परतायच्या आत पुन्हा होता तसा लावते. इतके सुचताक्षणी चित्र हलू लागते, कारण एकाच घरातल्या दोघींना आता परस्परविरुद्ध गोष्टी हव्या आहेत, दोघींचेही आपापल्या जागी बरोबर आहे आणि दोघींनाही ते एकमेकींशी बोलता येत नाही. एखाद्या संध्याकाळी मुलीच्या लक्षात येते की कागदाचा एक कोपरा रोज थोडा अधिक उचललेला दिसतो आणि चिकटपट्टीवर बोटांचे ठसे उमटले आहेत. ती आईला विचारील, की काही न बोलता नव्या चिकटपट्टीचे रीळ आईच्या हाताला येईल अशा जागी ठेवून देईल, यावर कथेचा सारा तोल ठरेल. 'आला वाटतं' मधला 'तो' कोण, हे ठरवण्याची घाई मात्र करू नये. पहिल्या खर्ड्यात ते लेखकालाही ठाऊक नसले तरी चालते.

या उदाहरणात कल्पनाशक्तीची मोठी भरारी कुठेही नाही, हे लक्षात घ्या. एकाच कागदापाशी थांबून ओळीने दोन प्रश्न विचारले, एवढेच. म्हणून माझे सांगणे असे की पुढचे काही आठवडे नवा प्रॉम्प्ट घेऊ नका. तुमच्या वहीतल्या ज्या सुरुवातीत वस्तूखेरीज एखादा माणूसही आधीच येऊन बसलेला आहे अशी एक निवडा आणि आठवडाभर फक्त तिच्यावरच लिहा. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. तो आला तरी उठू नका, कारण सरळ सुचणारे सगळे संपल्यावर येणारा कंटाळा आहे तो.

प्रश्न : प्रवासात, रांगेत, कार्यालयात कानावर पडलेली वाक्ये मी टिपून ठेवते. पण संपूर्ण प्रकरण कळल्याशिवाय त्यावर कथा लिहिता येणार नाही असे वाटत राहते. शिवाय ओळखीच्या माणसांच्या बोलण्यावर लिहिणे योग्य आहे का, हीही शंका मनात येते.

उत्तर : आधी पहिल्या शंकेविषयी. १८९३ च्या डिसेंबरात हेन्री जेम्स या कादंबरीकाराच्या शेजारी जेवायला बसलेल्या एका बाईंनी बोलता बोलता एक हकिकत सांगितली : वडिलांच्या मृत्यूनंतर एक सुरेख जुने घर मुलाकडे आले होते आणि त्या घरातले मौल्यवान सामान कुणाचे यावरून आई आणि एकुलता एक मुलगा एकमेकांचे वैरी झाले होते. एवढे कानावर पडताच जेम्सच्या मनात कथा उभी राहिली. त्या बाई मात्र पुढे सांगतच राहिल्या, आणि जेम्सने नंतर नोंदवून ठेवले आहे की त्या वाढत्या तपशिलाने आपल्या कथाबीजाची नासाडी होत आहे असे त्याला वाटत होते. त्या बीजातून 'द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन' ही कादंबरी झाली आणि ती १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात जे घडले ते घडून संपलेले असते. ते सगळे कळले की लेखकाला स्वतःहून ठरवण्यासारखे थोडेच उरते, म्हणून पुरेसे ऐकून झाले की कान बंद करण्याचेही शिकून घ्यावे लागते.

याला एक दुसरी बाजू आहे. फ्रान्समध्ये १८२७ साली आंत्वान बेर्ते नावाच्या तरुणाचा खटला गाजला. तो लोहाराचा मुलगा होता, शिकवणी करत असे, आणि ज्या घरी त्याने पूर्वी शिकवले होते त्या घरातल्या बाईंवर त्याने चर्चमध्ये गोळी झाडली होती. वृत्तपत्रांतून खटल्याची हकिकत सविस्तर आली होती, अगदी शेवटासकट. तरीही फ्रेंच कादंबरीकार स्टेंढालने त्या धाग्यावरून 'ल रूज ए ल न्वार' ही मोठी कादंबरी १८३० मध्ये लिहिली, कारण काय घडले हे वृत्तान्तात होते, पण असा तरुण मनातून कसा घडत जातो हे शोधायचे बाकीच होते. तेव्हा आपण टिपलेल्या वाक्यात नेमके काय मोकळे राहिले आहे, कृती की कारण, हे आधी पाहावे. 'त्याने घर सोडलं' असे वाक्य असेल तर कारण मोकळे आहे. 'आता मला सहन होत नाही' असे असेल तर कृती मोकळी आहे. दोन्ही कळलेले असेल तर ते टिपण सोडून द्यावे.

ओळखीच्या माणसांविषयीची तुमची शंका रास्त आहे आणि ती मनात ठेवूनच लिहावे. केवळ नाव बदलल्याने माणूस लपत नाही. नाते, व्यवसाय, वय आणि मुख्य म्हणजे घटनेचा शेवट बदलावा. एवढे बदलूनही कथा तगून राहिली तर ती तुमची झाली असे समजावे. एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र वेगळी. तिच्यातली भावना घ्यावी, प्रसंग घेऊ नये. कथा छापून आल्यावर त्या व्यक्तीला आपले गुपित चारचौघांत उघडे पडल्यासारखे वाटणार असेल, तर कथा कितीही चांगली उतरली असली तरी ती प्रसिद्ध करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या दिनक्रमात लिहिण्याजोगे काहीच घडत नाही. निरीक्षण करा, असे सगळे सांगतात. पण तेच घर, तीच खोली, त्याच वस्तू. अशा माणसाने काय करावे?

उत्तर : त्याच वस्तू वापराव्यात, पण एकटी वस्तू न घेता दोन-दोन घ्याव्यात. मुलांसाठी लिहिणारे इटालियन लेखक जान्नी रोदारी यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कल्पनेचे व्याकरण' या पुस्तकात ही पद्धत मांडली. एकमेकांशी सहसा संबंध न येणारे दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि शब्दयोगी अव्यये बदलत त्यांना जोडून पाहायचे. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. मराठीत हे काम विभक्तीचे प्रत्यय फार सहज करतात : कपाटातला कुत्रा, कुत्र्याचे कपाट, कपाट घेऊन निघालेला कुत्रा, कुत्र्यासाठी रिकामे केलेले कपाट. शेवटच्या जोडीपाशी क्षणभर थांबा. कपाट कुणी रिकामे केले? त्यात आधी कुणाचे कपडे होते? ज्याचे कपडे होते त्याला हे ठाऊक आहे का? एक प्रत्यय बदलला आणि एक घर समोर उभे राहिले.

तुमच्याच खोलीतल्या दहा वस्तूंची नावे चिठ्ठ्यांवर लिहा आणि न पाहता दोन उचला. घड्याळ आणि भिंत अशी सवयीची जोडी आली तर ती परत टाका. घड्याळ आणि उशी अशी आली तर तिला चिकटून राहा. जोडी विचित्र असावी ती मनाला नेहमीची वाट सापडू नये म्हणून. त्यातून निघणारी कथा विचित्र असलीच पाहिजे असे नाही. उशीखाली घड्याळ ठेवून झोपणाऱ्या माणसाची गोष्ट पूर्णपणे वास्तववादी होऊ शकते.

प्रश्न : सुचलेले टिपण्यासाठी वही बरी की मोबाइल?

उत्तर : जे जवळ असेल ते. फक्त टिपताना 'छान कल्पना : एकाकी वृद्ध' असा सारांश लिहू नका, कारण महिन्याभराने त्यातून काहीही आठवणार नाही. 'बागेतल्या बाकावर एक आजोबा, शेजारी रिकाम्या जागेवर उघडी छत्री, ऊन नाही, पाऊस नाही' असे जे दिसले तेच लिहा.

प्रश्न : एका कथास्पर्धेसाठी सर्वांना 'पाऊस आणि बंद दार' हा एकच प्रॉम्प्ट दिला आहे. एकाच विषयावर इतके जण लिहिणार म्हटल्यावर माझी कथा इतरांसारखीच होईल अशी भीती वाटते.

उत्तर : एकाच प्रॉम्प्टमधून किती भिन्न लेखन निघते याचे प्रसिद्ध उदाहरण १८१६ च्या उन्हाळ्यातले आहे. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, त्याच्या परिणामाने युरोपातले हवामान बिघडले होते आणि जिनिव्हा सरोवराकाठी उतरलेल्या काही मित्रांना पावसामुळे बहुतेक वेळ घरातच काढावा लागत होता. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे कवी बायरनने सुचवले. त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) निघाली आणि बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' (१८१९) निघाली. खुद्द बायरनने एक तुकडा लिहून सोडून दिला. मेरी तेव्हा १८ वर्षांची होती. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने लिहिले आहे की रोज सकाळी तिला 'गोष्ट सुचली का?' असे विचारले जाई आणि तिला रोज नाही म्हणावे लागे.

तेव्हा पहिल्या दिवशी काही सुचले नाही तर घाबरून जे मिळेल ते धरू नका. 'पाऊस आणि बंद दार' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाहेर भिजत उभे असलेले कुणीतरी आणि न उघडणारे दार येणार. ते आधी लिहून बाजूला ठेवा. मग दार आतून बंद केले आहे की बाहेरून, पाऊस कुणाला हवा आहे, दार उघडले जाऊ नये असे कुणाला वाटते, पाऊस थांबला तर कुणाची पंचाईत होईल, असे विचारत जा. ज्या उत्तरात तुम्हाला प्रत्यक्ष ठाऊक असलेले एखादे काम, एखादी जागा किंवा एखादे नाते सापडेल ते निवडा, कारण तो तपशील इतर स्पर्धकांपाशी नसेल. आणि पावसाचे वर्णन दोन वाक्यांत आटोपा. परीक्षकांना ते त्या आठवड्यात पुष्कळ वाचावे लागणार आहे.