लग्नपत्रिकेत सासऱ्यांचा लष्करातला हुद्दा लिहावा का, आणि कसा?

तुमचे होणारे सासरे नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, आणि पत्रिकेत नुसतं 'श्री.' चालेल का असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. आधी 'नायब सुभेदार', मग पूर्ण नाव, मग कंसात 'निवृत्त'. हुद्द्याआधी 'श्री.' नको. 'निवृत्त' नावानंतरच येतं, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा त्याच्याकडेच राहतो.

माझे वडील, अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावला शिपाई म्हणून भरती झाले आणि 24 वर्षांनी हवालदार होऊन घरी आले. बाहीवर लान्स नाईकची एक फीत, नाईकच्या दोन, हवालदाराच्या तीन. त्या तीन फितींमागची वर्षं आईने एकटीने काढलीत.

माझ्या लग्नाची पत्रिका ठरत होती तेव्हा थोरले काका म्हणाले, "हवालदार घालू नका, पाहुण्यांना पोलीस वाटेल. श्री. बरं दिसतं." मी गप्प बसले. छापून आल्यावर अण्णांनी एक पत्रिका उचलली, चष्मा लावून वाचली, "छान झालीय" म्हणाले. रात्री पाणी प्यायला उठले तर ते ओसरीवर बसलेले. पलटणीतल्या सोबत्यांच्या पत्रिका वेगळ्या काढल्या होत्या आणि प्रत्येकीवर निळ्या पेनाने 'श्री.' खोडून वर 'हवालदार' लिहीत होते. नोंदवहीत लिहावं तसं, एकसारख्या अक्षरात. मी तशीच आत गेले. आजही त्याची लाज वाटते.

आपल्याकडे शिपाई म्हटलं की कचेरीतला चहा आणणारा आठवतो, हवालदार म्हणजे चौकीतला, आणि नाईक तर आडनावच. इटलीत 1944 साली लढताना धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे आपल्याच माणगाव भागातले, आणि त्यांच्या नावातलं 'नाईक' आडनाव समजणारी शिकलेली माणसं मी पाहिलीत. 1965 च्या युद्धात रणगाडे उडवणारे परमवीर अब्दुल हमीद कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. त्यांच्या नावाआधी कोणी 'श्री.' लावून समाधान मानेल का? लोकांना कळत नाही म्हणून हुद्दा झाकायचा नसतो. खालच्या ओळीत रेजिमेंटचं नाव टाकलं की पोलिसाचा गैरसमज होतच नाही. एवढी साधी गोष्ट काकांना तेव्हा सांगायला हवी होती.

हाक मारण्याचं म्हणाल, तर नायब सुभेदार हे जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि अधिकारी यांच्या मधले. पलटणीत जवानच काय, अधिकारीसुद्धा त्यांना 'साहेब' म्हणतात. चारचौघांत ओळख करून देताना 'सुभेदार साहेब' म्हणा. बोलताना 'नायब' गळतं, ते चालतं. लिहिताना मात्र गाळू नका; सुभेदार हा वरचा हुद्दा, आणि न मिळालेला हुद्दा छापलेला त्यांना आवडणार नाही. घरात मामा, बाबा जे चालतं ते.

आणि हो, हे सगळं पायदळाचं. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये नायब रिसालदार असतं, नौदल-हवाईदलाचे हुद्दे वेगळेच. बऱ्याच हवालदारांना निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार करतात; तसं असेल तर 'मानद' शब्दही हवा. पेन्शनच्या कागदावर दिसेल.

छापायला देण्याआधी कच्ची प्रत सासऱ्यांच्या हातात द्या. आमच्याकडे अण्णांना कोणी दाखवलीच नव्हती.