इस्तंबूलच्या ऑफिसात येण्याआधी एवढं वाच

निखिल, तू विचारलंस की इस्तंबूलला टीम सांभाळायला येताना इथल्या लष्करप्रेमाचा जाच होईल का, आणि दहावीतल्या मुलाला सैन्यात ओढतील का. मुलाची काळजी सोड. सक्तीची लष्करसेवा तुर्की नागरिक असलेल्या पुरुषांना आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांना नाही.

टीमचं मात्र समजून घे. इथे 'आस्करलिक', म्हणजे ही लष्करसेवा, उरकल्याशिवाय पोराला पुरता बाप्या धरत नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत 'लष्करसेवा झालेली असावी' अशी अट दिसते, मुलीकडचेही आधी तेच विचारतात. 2019च्या कायद्याने मुदत 12 महिन्यांवरून 6 वर आली, आणि पैसे भरले तर महिनाभराच्या प्रशिक्षणावर सुटका. तुझे इंजिनिअर बहुधा पैसेच भरतील, त्या रजेचा हिशोब आधीच धर. कामगाराच्या पोराला ती रक्कम झेपत नाही, तो सहा महिने जातो.

आणि जातो तो वाजतगाजत. रात्री बसस्टँडवर ढोल आणि झुर्ना (सनईसारखं वाद्य), पोराच्या खांद्यावर झेंडा, मित्र त्याला वर उडवून झेलतात, 'एन ब्युयुक आस्केर, बिझिम आस्केर!' म्हणजे आमचाच शिपाई सगळ्यात भारी. निघण्याआधी तळहातावर मेंदी. मेंदी इथे तिघांना लावतात: कुर्बानीच्या मेंढ्याला देवासाठी, नवरीला नवऱ्यासाठी, शिपायाला देशासाठी. पोराला मेंढ्याच्या पंगतीत बसवणं मला अजून पचलेलं नाही, पण हे मी ऑफिसात बोलत नाही.

कारण 'मला बंदूक धरायची नाही' म्हणणाऱ्याला इथे कायद्याचा आधारच नाही. उस्मान मुरात उल्के या तरुणाला नकारापायी पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकलं. 2006 मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानला दोषी धरलं, तरी हा हक्क काही मिळालेला नाही. लोकांचं मन सैन्यापासून फिरवणं हाही दंडसंहितेत गुन्हा आहे, कलम 318.

तुर्क सहकारी स्वतः बराकीतल्या मूर्ख हवालदाराचे किस्से सांगून पोट दुखेपर्यंत हसवतील. तू हस, भर घालू नकोस. तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याच्यावर विनोद तर अजिबात नको, त्यासाठी 1951चा वेगळा कायदा आहे. 10 नोव्हेंबरला सकाळी 9:05ला, त्याच्या मृत्यूच्या वेळी, भोंगा वाजला की रस्त्यातल्या गाड्याही थांबतात, तूही उठून उभा राहा. कुर्द या इथल्या अल्पसंख्याक समाजाचा विषय टीममध्ये आपणहून काढू नकोस, त्यातलाच कुणी कुर्द असेल. पाकिस्तानला इथे 'कारदेश', भाऊ म्हणतात. पुण्याच्या बाजारात 2025 मध्ये तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला, त्यावरून कुणी छेडलं तर चहा मागव आणि फुटबॉलवर ये. तिथेही तो 'फेनरबाहचे' क्लबचा की 'गालातासराय'चा, हे आधी विचारून घे.